दुर्गम म्हणजे कुठे?

२०२४ च्या जानेवारीत मी भाच्याकडे दिब्रुगडला गेले होते. तो तिथे बँकेत आहे. विमान खाली यायला लागलं तसे खिडकीतून चहाचे मळे दिसले, सपाट, हिरवे, कात्रीने कापल्यासारखे. विमानतळाचं नाव मोहनबारी. घरी जाताना गाडीत भाचा सहज म्हणाला, "मावशी, तू आत्ता उतरलीस ना, ते विमानतळ दुसऱ्या महायुद्धातलं आहे. इथून विमानं हिमालय ओलांडून चीनला जायची. त्यातली कितीतरी पोचलीच नाहीत."

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला. दुसरं महायुद्ध नववीला असायचं. हिटलर, मुसोलिनी, पर्ल हार्बर, हिरोशिमा सगळं तोंडपाठ. फळ्यावर युरोपचा नकाशा काढायला मला पाच मिनिटं लागत. पण आपल्याच देशाच्या या कोपऱ्यातून साडेतीन वर्षं एवढी मोठी उड्डाणं चालली होती, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? मलाच ठाऊक नव्हतं!

परत आल्यावर वाचायला सुरुवात केली. मुलाला सांगून एक जुनं पुस्तकही मागवलं. त्यात एका विमान अपघाताची हकिकत आहे. आज ती तुम्हाला सांगायची आहे. हकिकत विमानाची असली तरी माझ्या मनात घोळत राहिला तो एक साधा शब्द, "दुर्गम". त्याकडे शेवटी येईन.

आधी थोडी पार्श्वभूमी. (शिक्षिकेची खोड, दुसरं काय!)

१९४२ च्या एप्रिलअखेर जपानी सैन्याने ब्रह्मदेशातलं लाशिओ घेतलं आणि चीनला युद्धसामग्री पोचवणारा ब्रह्मदेशातला रस्ता बंद झाला. चीनचा पूर्व किनारा आधीच जपानच्या ताब्यात होता. चीन लढत राहायला हवा असेल तर त्याला पेट्रोल, दारूगोळा, औषधं पुरवायलाच हवीत, आणि जमिनीवरून वाट उरलेली नव्हती. मग उरलं आभाळ. आसामातल्या दिनजान, चाबुआ, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून विमानं उडायची, पाटकाईच्या आणि त्यापलीकडच्या उंच रांगा ओलांडायची आणि सुमारे आठशे किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरायची. वैमानिकांनी या वाटेला नाव दिलं "हंप". हंप म्हणजे वशिंड. बैलाच्या पाठीवर असतं ना, तसं हिमालयाच्या पूर्व टोकाचं हे वशिंड.

विमानाने एवढ्या मोठ्या प्रमाणावर माल वाहण्याचा अनुभव तोवर जगात कुणालाच नव्हता. आज आपण घरबसल्या वस्तू मागवतो आणि ती रातोरात विमानाने येते. त्या काळी मालवाहू विमान ही गोष्टच बाल्यावस्थेत होती. बहुतेक विमानं मुळात उतारूंसाठी आखलेली, युद्धाच्या घाईत आतल्या खुर्च्या काढून मालासाठी वापरात आणलेली. रडार नाही, हवामानाचे धड अंदाज नाहीत, नकाशेही पुरेसे नाहीत. त्यात आसामचा पावसाळा. खाली जंगल, वर ढग, आणि ढगात कुठेतरी डोंगर!

या वाटेवर १९४३ च्या एप्रिलमध्ये एक नवं विमान आलं. कर्टिस कंपनीचं सी-४६, टोपणनाव "कमांडो". दोन इंजिनं, प्रत्येक दोन हजार अश्वशक्तीचं, आणि पंखांचा विस्तार १०८ फूट. जुन्या सी-४७ पेक्षा ते जास्त माल घेऊन जास्त उंच जाई, म्हणून त्याच्यावर मोठी भिस्त होती. पण हेही मुळात उतारूंसाठी आखलेलं. पहिलं उड्डाण १९४० चं, आणि खोड्या पूर्ण काढण्याआधीच त्याला हंपवर धाडलं. उंचीवर कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरे, इंधनाच्या नळ्या गळत. एक इंजिन बंद पडलं तर भरलेलं विमान दुसऱ्या इंजिनावर उंची राखू शकत नसे. वैमानिक त्याला "उडती शवपेटी" म्हणत. ज्यांना रोज त्यात बसायचं त्यांनीच दिलेलं हे नाव.

आता त्या दिवसाकडे येऊ.

२ ऑगस्ट १९४३. सकाळी चाबुआहून एक सी-४६ निघालं. चाबुआ म्हणजे चहा लावला ती जागा, असा या नावाचा अर्थ तिथले लोक सांगतात. विमानात एकवीस माणसं होती. त्यात अमेरिकी सैनिक होते, दोन चिनी अधिकारी होते, जनरल स्टिलवेल यांचे राजकीय सल्लागार जॉन डेव्हिस होते, आणि एरिक सेव्हराइड नावाचा तीस वर्षांचा रेडिओ वार्ताहर होता. मी मागवलेलं पुस्तक या सेव्हराइडचंच, १९४६ साली निघालेलं.

उड्डाणानंतर साधारण तासाभरात डावं इंजिन बंद पडलं. वैमानिकाने विमान मागे वळवलं. वजन कमी करायला हवं म्हणून सामान दारातून बाहेर फेकायला सुरुवात झाली. पण विमान खाली खालीच चाललं होतं. रेडिओवर बसलेला सार्जंट ऑस्वाल्ट शेवटपर्यंत ठिकाण कळवत राहिला. शेवटी हुकूम आला, उड्या मारा.

बहुतेकांनी उभ्या आयुष्यात पॅराशूट घेऊन उडी मारलेली नव्हती. सगळे दाराशी घुटमळले. खाली डोंगर आणि जंगल, मागे बंद पडलेलं विमान. कुणीतरी पहिलं व्हायला हवं होतं. पुढे झाले ते डेव्हिस. सैनिक नव्हेत, परराष्ट्र खात्यातले कागदपत्रांचे गृहस्थ! ते गेले तसे एकेक जण गेले. सेव्हराइडने उडी घेतल्यावर विमान डोंगरावर आपटून पेटलं, आणि तरंगत खाली येताना आपण त्याच जाळात पडतो की काय, अशी त्याला भीती वाटत होती.

एकवीसपैकी वीस वाचले. सहवैमानिक चार्ल्स फेलिक्स मात्र गेला. ऑस्वाल्टचा पाय मोडला.

वाचले खरे. पण वाचले ते कुठे? पाटकाईच्या रांगेत, पांगशा आणि पोन्यो या नागा गावांच्या मुलखात, आजच्या भारत आणि म्यानमारच्या सीमेवर. तेव्हाच्या सरकारी नकाशात मोकोकचुंगच्या पूर्वेला बऱ्याच मोठ्या पट्ट्यावर एक शब्द होता, "अप्रशासित". म्हणजे हद्द आमची म्हणू, पण राज्य तिथे चालत नाही. पुढे जपानी सैन्य. आणि या भागातली गावं एकमेकांची मुंडकी कापून आणण्याच्या प्रथेसाठी प्रसिद्ध.

तासा-दोन तासांत डोंगरउतारावरून माणसं आली. हातात भाले, कमरेला दाव. ही वाचलेली मंडळी हादरली. सेव्हराइड पुढे झाला, हात वर केला आणि म्हणाला, "हाऊ!" अमेरिकन सिनेमात गोरा माणूस तिथल्या आदिवासींना भेटला की असं करतो म्हणे. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही. वाचताना मला हसू आलं. मग वाटलं, आपण तरी काय केलं असतं? अनोळखी माणसासमोर आपण जे पडद्यावर पाहिलंय तेच तर करतो.

गावकऱ्यांनी भाले चालवले नाहीत. त्यांनी या लोकांना गावात नेलं.

त्याच दिवशी शोधाला आलेलं विमान वर घिरट्या घालू लागलं. त्यातून अन्न, पांघरुणं, हत्यारं खाली टाकली गेली. खाली एकाचा पाय मोडलाय हे कळल्यावर लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर नावाचे लष्करी डॉक्टर आपल्या दोन मदतनिसांसह वरून पॅराशूट घेऊन त्याच डोंगरावर उतरले. परत येण्याची काही सोय नाही हे ठाऊक असताना! विमान पडतंय म्हणून उडी मारणं वेगळं आणि चांगल्या चालत्या विमानातून, कुणाचा तरी पाय बसवायला म्हणून उडी मारणं वेगळं. डॉक्टरांनी ऑस्वाल्टचा पाय बांधला, आणि मग गावकऱ्यांचेही दुखणाईत त्यांच्याकडे येऊ लागले.

गावाशेजारी तळ पडला. वाट पाहण्याचे जवळजवळ दोन आठवडे गेले. दिवसा पाऊस, रात्री पहारा.

इथे जरा थांबते, कारण इथेच मला अडखळायला झालं. "रानटी लोकांनी दया दाखवली" अशी गोड गोष्ट करून ती संपवता आली असती. मी शाळेत बहुधा तशीच सांगितली असती. पण मग मी १९३६ सालची हकिकत वाचली.

या अपघाताच्या सात वर्षं आधी, १९३६ च्या हिवाळ्यात, नागा हिल्सचे डेप्युटी कमिशनर जे. पी. मिल्स आसाम रायफल्सची तुकडी घेऊन पांगशावर चालून गेले होते. पांगशाचे लोक शेजारच्या गावांवर हल्ले करून मुंडकी नेत आणि माणसं गुलाम म्हणून पकडून नेत, हे कारण. कारण खोटं नव्हतं. पण शिक्षा काय, तर सगळं गाव जाळलं. त्या मोहिमेत क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञही होते. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, फोटोही प्रसिद्ध केले.

म्हणजे १९४३ च्या ऑगस्टमध्ये आभाळातून पडलेले गोरे लोक पाहिले तेव्हा त्या डोंगरातल्या माणसांना गोरा माणूस म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. आपली घरं जळताना पाहिलेले कितीतरी जण हयात होते. त्यांनी या वीस जणांना मारलं नाही, यात कुतूहल असेल, वरून पडणाऱ्या सामानाचा मोह असेल, पाहुण्याला न मारण्याची रीत असेल, आणि भीतीही असेल. त्यांच्या बाजूने कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पण एक मला स्पष्ट दिसतं. निर्णय त्यांचा होता. वीस माणसांचा जीव त्या दिवसांत अमेरिकेच्या हातात नव्हता, ब्रिटिशांच्या हातात नव्हता, तो एका डोंगरी गावाच्या बैठकीत होता.

मोकोकचुंगचे उपविभागीय अधिकारी होते फिलिप अ‍ॅडम्स. वय तिशीच्या आतबाहेर. खबर मिळताच ते नागा भालाईत आणि हमाल यांचा तांडा घेऊन पायी निघाले. भर पावसात, निसरड्या चढणीवरून, दिवसचे दिवस चालत ते तळावर पोचले. मग सगळ्यांना घेऊन परतीची वाट. अमेरिकेचे तगडे जवान धापा टाकत होते, पायांना फोड आले होते. आणि हमाल? हमाल ओझी घेऊन त्यांच्यापुढे चालत होते. पाय मोडलेल्या ऑस्वाल्टला तर नागा हमालांनी उचलून आणलं. चढावर, उतारावर, ओढ्यांतून, एक माणूस पाठीखांद्यावर घेऊन! ऑगस्ट संपता संपता सगळे सुखरूप बाहेर आले.

जगभर बातम्या झाल्या. वार्ताहर वाचला होता, मुत्सद्दी वाचला होता, साहजिकच होतं ते.

पुढे या माणसांचं काय झालं तेही थोडक्यात सांगते. सेव्हराइड अमेरिकेतला नावाजलेला भाष्यकार झाला, १९९२ साली वारला. डॉ. फ्लिकिंजर यांनी पुढे हवाई आणि अंतराळ वैद्यकात काम केलं. डेव्हिस यांच्या वाट्याला मात्र विचित्र दिवस आले. चीनमध्ये कम्युनिस्ट जिंकतील असं त्यांनी वेळीच वर कळवलं होतं. ते खरं ठरलं, आणि अमेरिकेत मॅकार्थीच्या काळात तोच त्यांचा गुन्हा ठरला. १९५४ साली त्यांना नोकरीतून काढलं. त्या वेळी सेव्हराइडने रेडिओवर त्यांची बाजू घेतली आणि त्या सकाळी विमानाच्या दाराशी पहिलं पाऊल कुणी टाकलं होतं याची आठवण देशाला करून दिली. डेव्हिस पेरू देशात जाऊन फर्निचरचा धंदा करू लागले. सरकारने पुन्हा विश्वास टाकला तो १९६९ मध्ये.

या अपघातानंतर एक चांगली गोष्ट घडली. ऑक्टोबर १९४३ मध्ये चाबुआला पडलेल्या विमानांतली माणसं शोधायला एक खास पथक उभं राहिलं. त्याचे प्रमुख कॅप्टन जॉन पोर्टर. या पथकामुळे पुढे कितीतरी जण परत आले. पोर्टर स्वतः मात्र डिसेंबर १९४३ मध्ये शोधाच्या कामावर असतानाच मारले गेले.

पण सेव्हराइडचं विमान हा अपवाद होता, हे विसरून चालणार नाही. १९४२ पासून १९४५ पर्यंत या वाटेने साधारण साडेसहा लाख टन माल चीनला पोचला. त्यासाठी जवळजवळ सहाशे विमानं गेली आणि दीड हजारांवर माणसं मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. स्वच्छ दिवशी खालच्या डोंगरांवर चमकणाऱ्या पत्र्यांवरून वाट ओळखता येते, असं वैमानिक म्हणत. त्या वाटेचं नावच पडलं "अ‍ॅल्युमिनियम ट्रेल". म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पाऊलवाट! आपल्या सोबत्यांच्या विमानांचे तुकडे बघत बघत रोज जायचं... नुसतं वाचून पोटात कालवतं.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून चाबुआकडे परत येणारं "हॉट अ‍ॅज हेल" नावाचं विमान नाहीसं झालं. आत आठ जण होते. युद्ध संपलं, वर्षं गेली, घरच्यांनी वाट पाहिली. २००६ साली क्लेटन कुल्स नावाचे अमेरिकन गृहस्थ, जे या हरवलेल्या विमानांचा स्वतःच्या खर्चाने माग काढत आले आहेत, स्थानिक वाटाड्यांबरोबर अरुणाचलमधल्या दमरोह गावाच्या वरच्या डोंगरात चढले आणि त्यांना ते विमान सापडलं. तिथून मिळालेले अवशेष २०१६ मध्ये अमेरिकेला गेले, आणि रॉबर्ट ऑक्सफर्ड या त्यातल्या एका अधिकाऱ्याची ओळख पटली. जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या गावी त्याला मूठमाती मिळाली. त्र्याहत्तर वर्षांनी! त्याचे आईवडील केव्हाच गेले होते. पण गाव रस्त्यावर आलं होतं म्हणतात.

आता मघाचा शब्द. दुर्गम.

"विमान दुर्गम भागात कोसळले." अशी बातमी आपण किती वेळा वाचतो. मीही लिहिला आहे हा शब्द, शाळेच्या कागदपत्रांत अनेकदा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळेत होते तेव्हा वरच्या धनगरवाड्यातून एक मुलगा यायचा. दोन तास उतरून यायचा, दोन तास चढून जायचा. एकदा कसल्याशा योजनेचा अर्ज भरताना मी त्याच्या नावापुढे "दुर्गम वस्ती" असं लिहिलं आणि त्याला अर्थ समजावून सांगितला, जिथे जायला अवघड ती जागा. तो जरा विचार करून म्हणाला, "बाई, घरी जायला नाही अवघड. शाळेत यायला अवघड आहे."

मी तेव्हा हसले, वर्गातही सांगितलं, सगळे हसले. आज तीस-पस्तीस वर्षांनी, हे सगळं वाचताना, तो मुलगा बरोबर बोलला होता हे कळतंय. तो विनोद करत नव्हता.

सरकारी नकाशात जिथे "अप्रशासित" लिहिलं होतं तिथे गावं होती, शेतं होती, भांडणं होती, लग्नं होती. पांगशाच्या बाईला आपण दुर्गम जागी राहतो असं कधी वाटलं नसणार. पाण्याची वाट ठाऊक, जळणाची वाट ठाऊक, शत्रूच्या गावाची वाटसुद्धा ठाऊक. तिच्या दृष्टीने दुर्गम होतं ते आभाळ, जिथून ही माणसं पडली. आणि त्या आभाळातून पडलेल्यांना बाहेर काढलं ते कुठल्या यंत्राने नाही. ज्यांच्या पायांना तो डोंगर घरचा होता, त्यांनी काढलं.

त्या हमालांची नावं मी पुस्तकात शोधली. अ‍ॅडम्स यांच्या बाजूच्या नागांपैकी चिंगमेई गावच्या सांगबा या तरुणाचं नाव सेव्हराइडने आवर्जून लिहिलं आहे, त्याबद्दल आदरही दाखवला आहे. बाकीचे नुसतेच "हमाल". ऑस्वाल्टला उचलून आणणारे खांदे कुणाचे होते? नाव नाही. ज्या गावाने त्या रात्री मारायचं नाही असं ठरवलं, त्या बैठकीत पहिला शब्द कोण बोललं? नाव नाही. डेव्हिस यांनी टाकलेलं पहिलं पाऊल इतिहासात राहिलं, आणि राहायलाच हवं. पण त्या दिवशी तसं पहिलं पाऊल खालीही कुणीतरी टाकलं असणार ना?

आणि मी ज्या धावपट्टीवर उतरले ती? आसामातल्या या धावपट्ट्या आणि रस्ते करायला चहाच्या मळ्यांतले हजारो मजूर आणले होते. बायका खडी फोडत, टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेत. ती माणसं मुळात छोटा नागपूर, ओरिसा अशा भागांतून पिढीदोनपिढ्यांपूर्वी मळ्यांवर आणलेली. त्यांच्या खडीवरून ती सहाशे विमानं उडाली. त्यांची नावंही नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अरुणाचलमधल्या पासीघाटला हंपच्या आठवणींचं संग्रहालय उघडलं. भाच्याने नेतो म्हटलं होतं, पण माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. पुढच्या वेळी बघू. त्या डोंगरांतून गोळा केलेले विमानांचे अवशेष तिथे आहेत. जंगलात हे तुकडे आधी सापडत ते तिथल्या शिकाऱ्यांना. हरवलेल्या विमानांचा ठावठिकाणा त्यांना कितीतरी आधीपासून माहीत होता. आपण मात्र "बेपत्ता" म्हणत राहिलो. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

परवा भाच्याचा फोन आला तेव्हा त्याची मुलगी मध्येच बोलली. पाचवीत आहे. तिला प्रकल्प दिलाय, "माझ्या परिसराचा इतिहास". म्हणाली, "आजी, काय लिहू? इथे तर काहीच झालेलं नाही." मोहनबारीपासून अर्ध्या तासावर राहणारी मुलगी हे म्हणते! मी तिला विमानांचं सांगितलं. मग म्हटलं, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी मळ्यातल्या वस्तीत राहतात ना, त्यांच्या आजीला किंवा पणजीला त्या धावपट्टीवर काम होतं का ते विचार. आणि त्या जे सांगतील त्याआधी त्यांचं नाव लिही. पूर्ण नाव.

तिने विचारलं की नाही ते अजून कळलं नाही. कळलं की इथे लिहीनच.

असो. लेख लांबला, पण तुम्ही इथवर आलात म्हणजे वाचलात. तुमच्यापैकी कुणाच्या घरात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेलं कुणी असेल, आजोबा, पणजोबा, कुणीही, तर त्यांच्या आठवणी मला जरूर कळवा. आणि तुम्ही स्वतःही लिहून ठेवा. नावासकट.